तात्यासाहेबांच्या कापसात उतरलेलं विमान

मुकुंदवाडीत कुणी घर बघायला आलं की एजंट खाली मान घालून सांगतो, "विमानाचा आवाज येतो थोडा, पण सवय होते." इंद्रजीतराव घर बघायला आले तेव्हा त्यांनी उलटंच विचारलं. "आवाज नीट येतो ना? का मधी ती बिल्डिंग आडवी येते?" तेवढ्यात त्यांची बायको निशाबाई गच्चीवर गेल्या, वाऱ्याकडं तोंड करून उभ्या राहिल्या आणि वरूनच ओरडल्या, "घ्या हो! मुंबईचं विमान अगदी डोक्यावरनं जातंय!" एजंटनं तिथल्या तिथं घराचा भाव वाढवला. भोळ्या माणसांना दुनिया अशीच लुटते, दुसरं काय.

तर असं हे जोडपं. दोघंही पायलट. आता सत्तरी ओलांडली आहे, पण सवयी काही सुटल्या नाहीत. इंद्रजीतराव उभा जन्म कापसावर औषध फवारणारं विमान उडवत होते. विजेच्या तारेखालनं घुसायचं, बांधाच्या लिंबावरनं उचलायचं, असला जिवावरचा धंदा. संध्याकाळी घरी आले की अंगाला औषधाचा असा वास, की डाससुद्धा दोन घरं सोडून बसायचे. निशाबाई इथल्या फ्लाइंग क्लबात शिकवायच्या. त्यांच्या हाताखाली शिकलेली पोरं आज मोठमोठी विमानं घेऊन दुबई-सिंगापूरला जातात आणि तिथून फोन करतात, "मॅडम, आज लँडिंग तुमच्यासारखं झालं." निशाबाई फोन ठेवून तोंड वाकडं करतात. का करतात, ते पुढं कळेल.

या दोघांच्या घरात एक कायदा होता. शिकवायच्या विमानात शेजारी शेजारी दोन सीटा असतात आणि दोघांपुढं एकेक दांडा. दोघांनी एकदम ओढला तर विमान बिचारं कुणाचं ऐकणार? म्हणून सोडणाऱ्यानं म्हणायचं, "कंट्रोल तुझा." घेणाऱ्यानं म्हणायचं, "कंट्रोल माझा." हे उत्तर कानावर आल्याशिवाय हात काढायचा नाय म्हणजे नाय. हा नियम जगातल्या सगळ्या विमानांत असतो, पण यांनी तो स्वयंपाकघरात आणला. गॅसवर दूध ठेवून निशाबाईंना दार उघडायला जायचं असलं की आधी हाळी, "कंट्रोल तुझा!" आतून इंद्रजीतराव दाढीचा फेस घेऊन येणार, "कंट्रोल माझा!" मगच बाई दाराकडं. लेक रूपाली पुण्याहून तान्ही नात घेऊन आली तेव्हा पोरगी या हातातून त्या हातात जातानासुद्धा हेच. बरोबर आलेल्या रूपालीच्या सासूला वाटलं, ही काहीतरी औरंगाबादकडची रीत असावी. तिनंही पोर घेताना भक्तिभावानं म्हटलं, "कंट्रोल माझा."

आणखी एक गंमत. एरवी निशाबाई नवऱ्याला अहो-जाहो करतात. पण विमानात बसल्या की सरळ अरे-तुरे. कुणी विचारलं तर म्हणतात, "तिथं 'अहो, ऐकलंत का' म्हणेस्तवर डोंगर येतो." तेव्हा जमिनीवर अहो आणि हवेत अरे, असा हिशोब होता.

आता ती कापसातली गोष्ट सांगितल्याशिवाय गाडं पुढं जायचं नाही.

निशाबाई मुकुंदवाडीच्याच. वडील सोमनाथ रेल्वेत होते. घरात बाबासाहेबांचा फोटो, आणि पोरींनी शिकायचंच हा त्या फोटोखालचा नियम. बापानं मॅट्रिकपर्यंतचं धरून ठेवलं होतं, पोरगी निघाली विमान शिकायला. इंद्रजीत सिल्लोडकडचा, जमीनदाराचा पोरगा. वडील तात्यासाहेब म्हणजे मिशीला तूप लावणारा माणूस. क्लबात दोघांची ओळख झाली, मग नुसती ओळख राहिली नाही. पण पोरगी आपल्यातली नाय, हे तात्यासाहेबांना सांगणार कोण? विजेच्या तारेखालून विमान काढणारा इंद्रजीत बापापुढं उभा राहिला की त्याचं तोंड शिवलेलं.

अशातच एके सकाळी दोघं क्लबाचं छोटं विमान घेऊन अजिंठ्याकडं गेले. परत येताना सिल्लोडच्या अलीकडं इंजिन खोकलं आणि बंद पडलं. वर नुसता वाऱ्याचा आवाज. खाली तात्यासाहेबांचा कापूस, बोंडं फुटून पांढराशुभ्र. विमान सरळ खाली आलं, कापसात घुसलं, आणि इतकं अलगद टेकलं की निशाबाईंच्या मांडीवरचा नकाशासुद्धा घसरला नाही.

तात्यासाहेब काठी घेऊन धावत आले. मागं कचरू सालगडी आणि अर्धं गाव. दार उघडून पोरगा उतरला, मागून एक पोरगी उतरली.

"कुणी घातलं हे माझ्या कापसात?" तात्यासाहेब गरजले.

"हिनं उतरवलं," इंद्रजीत म्हणाला.

"नाय, यांनी उतरवलं," निशा म्हणाली.

"अगं तूच की!"

"उगाच काय, तुम्हीच!"

तात्यासाहेबांनी एकदा याच्याकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. मग विमानाकडं बघितलं. काच फुटलेली नाय, चाक मोडलेलं नाय. काठी खाली गेली. "पोरगं जित्तं आणलंस बाई," म्हणाले, "आणि वर मोठेपणा त्यालाच देतीस व्हय? चल, भाकरी खा आधी. जातीबितीचं नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. वेचणी झाल्यावर लग्न लागलं. भावकी वर्षभर बोलली नाही, तात्यासाहेबांनी तिला विचारलंही नाही.

ही गोष्ट पुढं सगळीकडं गेली. इंद्रजीतराव सांगणार, हिनं उतरवलं. निशाबाई सांगणार, यांनी उतरवलं. ऐकणारे म्हणायचे, काय प्रेम आहे बघा! बायका आपापल्या नवऱ्यांना कोपरानं ढोसायच्या.

पण निशाबाईंच्या पोटात एक गोष्ट जन्मभर रुतून बसली होती. इंजिन बंद पडलं तेव्हा त्यांचे दोन्ही हात स्वतःच्या गुडघ्यावर होते. दांड्याला त्यांनी बोटसुद्धा लावलं नव्हतं. आपण थिजलो, असंच त्या धरून चालल्या. मुंबईच्या विमान कंपनीकडून त्यांना बोलावणं आलं होतं, त्या गेल्या नाहीत. दोनशे माणसं पाठीमागं बसवायची आणि ऐन वेळी हात गुडघ्यावर? नको रे बाबा. त्यापेक्षा पोरांना शिकवलेलं बरं. आणि नवरा चारचौघांत "हिनं उतरवलं" म्हणाला की त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. हा माणूस जीव वाचवतो आणि वर त्याचं श्रेयसुद्धा मला दान करतोय! पण बोलणार कशा? बोललं की गुडघ्यावरचे हात सांगावे लागणार.

मग या हिवाळ्यात एक दिवस अभय आला. हा विमानतळावर नवीन ट्रेनिंग अकादमी चालवतो. माणूस गोड, पण बोलताना सारखं आपल्या घड्याळाकडं बघतो. पोह्यांची बशी हातात घेऊन म्हणाला, "आमचा वर्धापनदिन आहे. तुम्हा दोघांचा सत्कार करायचा. आणि एक खास बेत आहे. नवीन विमान आलंय. सिल्लोडच्या कापसात ज्यांनी विमान उतरवलं, त्यांना वर न्यायचं. शेजारी आमची अपेक्षा बसेल, इन्स्ट्रक्टर आहे, पण दांडा पाहुण्यांच्या हातात."

"दोघांना?" इंद्रजीतरावांनी विचारलं.

"सर, विमान दोन सीटचं. एक सीट अपेक्षाची. सत्कार दोघांचा, पण सीट एकच."

पोहे तिथंच थांबले.

निशाबाईंना विमानाला हात लावून किती वर्षं झाली होती! गुडघे गेले, मोतीबिंदूचं झालं, डॉक्टरांनी उडायला केव्हाच मनाई केली होती. टीव्ही बघताना डोक्यावरनं विमान गेलं की त्यांचे पाय अजून सोफ्याखाली, विमानाची पेडलं दाबावीत तसे डावे-उजवे हलायचे. एकदा, फक्त एकदा तो दांडा हातात यावा, यापलीकडं त्यांना या वयात काहीच नको होतं. नुसतं "हो, मी उतरवलं" म्हटलं की सीट पदरात. नवरा तर आधीपासून तेच सांगतोय!

"यांनी उतरवलं," निशाबाई म्हणाल्या. म्हणताना त्यांना रडू फुटायचं बाकी होतं.

"हिनं," इंद्रजीतराव म्हणाले. त्यांचा चेहराही ताटातला लाडू शेजाऱ्याच्या ताटात टाकल्यासारखा.

अभय खूश झाला. "काय बोलू सर! या वयात हे प्रेम! तुम्ही ठरवा आणि मला कळवा." आणि घड्याळ बघत पळाला.

त्याच्यामागं दार लागलं आणि प्रेमाचा जो काही धुरळा उडाला तो विचारू नका. खालच्या मजल्यावरची मोनाली वाटीभर साखर मागायला आली होती, ती जिन्यातनंच परत गेली.

"खोटं कशाला बोलता?" निशाबाई.

"खोटं तू बोलतीयस."

"मला भीक नको तुमची."

"अगं भीक कसली? तुझं ते तुला देतोय."

"माझं काय आहे ते मला माहितीय!"

चार दिवस घरात हेच. कंट्रोलचा कायदासुद्धा मोडला. दूध उतू गेलं आणि दोघंही दोन दारांत उभं राहून बघत बसले, कोण बंद करतंय ते. नाश्त्याला कालची पोळी आणि लोणचं. इंद्रजीतराव मित्राकडं जाऊन बसायला लागले. निशाबाई गच्चीवर जाऊन मुंबईच्या विमानाकडं बघत उभ्या राहायला लागल्या. रूपालीनं पुण्याहून फोन केला तर दोघंही म्हणाले, "तुझ्या आईला विचार," "तुझ्या बाबांना विचार." रूपाली म्हणाली, "तुम्ही दोघं आधी जेवा."

पाचव्या दिवशी निशाबाईंचा बांध फुटला. म्हातारपणी माणसानं किती दिवस एक गोष्ट पोटात धरायची? त्यांनी जेवणाच्या टेबलाजवळच्या दोन खुर्च्या ओढल्या, शेजारी शेजारी लावल्या. आतून दोन लाटणी आणली. एक उजव्या खुर्चीपुढं, एक डाव्या खुर्चीपुढं. आणि हाक मारली, "बस इथं."

तू म्हटल्याबरोबर इंद्रजीतराव गुपचूप येऊन बसले. म्हणजे आता हवेत आहोत, हे त्यांना कळलं.

"अजिंठ्याहून निघालो," निशाबाई म्हणाल्या. "विमान कोण उडवत होतं?"

"तू. ठरलंच होतं, जाताना तू, येताना मी. पण अजिंठ्याचे डोंगर जाईस्तवर तुझ्याकडंच होतं."

"बरं. मग?"

इंद्रजीतरावांनी लाटण्याकडं बघितलं. "मग तू विचारलंस, तात्यांना कधी सांगतोस लग्नाचं. मी म्हणालो, कापसाची वेचणी होऊ दे."

"आणि मी काय म्हणाले?"

"गेल्या साली पण वेचणीच होती." ते हळूच म्हणाले. "आणि फुगून बसलीस. खिडकीबाहेर तोंड."

"मग मी दांडा सोडला. ट्रिम लावली, हात सोडला तरी विमान सरळ जाईल असं केलं, आणि हात काढून घेतले. म्हटलं, उडव तूच."

"हात काढलेस?" इंद्रजीतराव खुर्चीत वळले. "पण कंट्रोल तुझा कुठं म्हणालीस?"

"तुझ्याशी बोलणार कोण होतं तेव्हा!"

"अगं मग मी कसा घेऊ? तू म्हटल्याशिवाय घ्यायचा नाय, हा नियम! मीपण चिडलो होतो. मी म्हटलं, मागणार नाय. बसलो दुसऱ्या खिडकीबाहेर बघत."

निशाबाईंच्या हातातलं लाटणं थांबलं. "इंजिन बंद पडलं तेव्हा तुझे हात कुठं होते?"

एवढा मोठा माणूस, पण इंद्रजीतरावांचे कान लाल झाले. शेवटी त्यांनी दोन्ही हात उचलले आणि स्वतःच्या गुडघ्यावर ठेवले. "इथं," म्हणाले. "मला वाटलं तू उडवतीयस. तू इतकी शांत बसलेलीस! मी म्हटलं, मधी हात घातला तर हिचं बिघडेल. आणि तू काय उतरवलंस, निशा! मी तेव्हाच ठरवलं, आपण भित्रे. ऐन वेळेला आपले हात गुडघ्यावर. म्हणून तर फवारणीचं विमान घेतलं. त्याला दुसरी सीटच नसती, हात गुडघ्यावर ठेवायची सोयच नाय."

निशाबाईंनी हळूहळू आपले हात उचलले आणि आपल्या गुडघ्यावर ठेवले.

दोघं तसेच बसले. शेजारी शेजारी, पुढं लाटणी, हात गुडघ्यावर. बाहेर पेपरवाला सायकलची घंटी वाजवत गेला.

"म्हणजे," निशाबाई म्हणाल्या, "अजिंठ्यापासून ते..."

"कुणीच नाय."

"अरे देवा!"

"लईच सरळ उडत होतं, नाय का? मी म्हणत होतोच, हिचा हात काय स्थिर आहे!"

आधी निशाबाईंच्या अंगावर काटा आला. मग त्यांना हसू फुटलं. आणि असं फुटलं की खुर्ची धरावी लागली. इंद्रजीतरावही हसायला लागले, डोळे पुसत, टेबलावर हात आपटत. दोन लाटणी खाली पडली. मोनाली परत जिन्यात आली होती, ती म्हणाली, मिटलं वाटतं, आणि साखर मागायची ती परत राहिलीच.

पण हसता हसता निशाबाई रडायला लागल्या. "मी मुंबईला गेले नाही रे," त्या म्हणाल्या. "त्या एका लँडिंगमुळं गेले नाही. मला वाटलं, मी थिजले. मी थिजले नव्हते. मी फक्त रुसले होते!"

इंद्रजीतरावांनी एक लाटणं उचललं, पदरानं पुसावं तसं शर्टाच्या टोकानं पुसलं आणि तिच्यापुढं ठेवलं. "सीट तुझी."

"तुम्हाला नको?" हसण्यात आणि रडण्यात बाई जमिनीवर आल्या होत्या.

"नको कशाला? जीव जातोय माझा. पण तू रुसलीस ती माझ्यामुळं. बापाला सांगायला मी घाबरलो म्हणून. तेव्हा सीट तुझी, आणि आता मधी बोलू नको."

एरवी निशाबाई म्हणाल्या असत्या, अहो नको, तुम्हीच जा. चार वेळा म्हणाल्या असत्या. त्या दिवशी त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "बरं. मला पाहिजेच होती."

वर्धापनदिनाला अकादमीच्या मांडवात खुर्च्या भरल्या. रूपाली नातीला घेऊन पुढं बसली. अभयनं माइकवर सांगितलं, सिल्लोडच्या शेतात विमान उतरवणाऱ्या निशाताई! निशाबाई उठल्या, माइक घेतला आणि सरळ सांगून टाकलं, "मी नाही उतरवलं. यांनीही नाही. आम्ही दोघं रुसून बसलो होतो. विमान आपोआप उतरलं." मांडवात हशा पिकला. टाळ्या थांबेनात. मागं कुणीतरी म्हणालं, "किती साधी बाई आहे बघ, क्रेडिट घ्यायला तयार नाही." अभयनं कानाशी लागून सांगितलं, "मॅडम, केवढा हा विनय!" निशाबाईंनी कपाळाला हात लावला. खरं सांगून पाहिलं, कुणाला पचलंच नाही. त्याला कोण काय करणार?

विमान बाहेर उभं होतं, पांढरं, लहानसं. अपेक्षा डाव्या बाजूनं चढून बसली. निशाबाईंचा गुडघा पायरीवर अडला, तसे इंद्रजीतराव पुढं झाले आणि त्यांनी खालून हात दिला. बाई सीटवर टेकल्या, पट्टा बांधला, आणि दांड्याकडं नुसत्या बघत राहिल्या. हात मांडीवरच.

इंद्रजीतरावांनी दार धरलं. मांडवातली सगळी माणसं बघत होती, पण त्यांना कशाचं भान नव्हतं. ते तात्यासाहेबांपुढं कधी बोलले नाहीत इतक्या मोठ्यानं बोलले.

"निशा. कंट्रोल तुझा."

निशाबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. इतकी वर्षं झाली तरी त्या सकाळचं हे वाक्य तिथंच अजिंठ्याच्या डोंगरावर लटकत राहिलं होतं. त्यांनी हात उचलला आणि दांड्यावर ठेवला.

"कंट्रोल माझा."

विमान गेलं. मुकुंदवाडीवरनं, त्यांच्या गच्चीवरनं, रेल्वेच्या रुळांवरनं वळलं. वाळत घातलेल्या साड्या खाली दिसत होत्या, त्यात आपली हिरवी कुठली तेही निशाबाईंनी ओळखलं. अपेक्षानं आपला हात दांड्याजवळ ठेवला होता, पण लावला नव्हता. पोरगी हुशार. उतरायची वेळ आली तेव्हा तिनं विचारलं, "मॅडम, मी घेऊ?"

"हात लावशील तर बघ," निशाबाई म्हणाल्या.

विमान धावपट्टीवर आलं आणि दणकन आपटलं. उडालं. परत आपटलं. परत उडालं, तिसऱ्यांदा आपटून मग कुठं धावायला लागलं. मांडवातली माणसं खुर्च्यांवरनं उठून उभी राहिली. नातीनं कान झाकून घेतले.

निशाबाई उतरल्या तेव्हा त्यांचे केस विस्कटलेले, चष्मा वाकडा, आणि चेहरा असा की लग्नातसुद्धा इंद्रजीतरावांनी तो बघितला नव्हता. ते लगबगीनं पुढं गेले.

"लईच आपटलं गं!"

"व्हय," निशाबाई म्हणाल्या, आणि दोन्ही हात वर करून दाखवले. "माझ्या हातांनी आपटलं!"